देशोदेशीचा किराणा आणि आपले ताट

महिन्याची एक तारीख आली की घरोघरी किराण्याची यादी निघते. कुणाच्या यादीत दहा जिन्नस असतात, कुणाच्या पन्नास. कुणी रोख देतो, कुणाच्या नावे वाण्याच्या वहीत मांडले जाते. या यादीकडे आपण खर्चाचा कागद म्हणून पाहतो. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर तो त्या कुटुंबाच्या प्रकृतीचा कागद असतो. घरात रक्तदाब कुणाला होणार, मुलांची वाढ कशी होणार, सुनेच्या अंगात रक्त किती राहणार, याचा बराचसा अंदाज तेल, साखर, मीठ आणि डाळ यांच्या आकड्यांवरून बांधता येतो. म्हणून आजच्या लेखात आपण वेगवेगळ्या देशांतील कुटुंबे काय खातात, त्यावर किती खर्च करतात आणि त्यातून आपण काय शिकावे, याचा विचार करू.

एंगेल यांचा नियम

या विषयाचा पहिला मोठा अभ्यास जवळजवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि १८५७ साली एक साधा निष्कर्ष मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. मिळकत वाढली की अन्नावरचा खर्च रुपयांत वाढतो, पण शंभरातला वाटा कमी होतो. पोटाला मर्यादा आहे, इतर हौसेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ. अर्थशास्त्रात आजही हा एंगेलचा नियम म्हणून शिकवला जातो.

आजच्या जगात हा नियम कसा दिसतो पाहा. नायजेरियात सर्वसाधारण कुटुंबाच्या खर्चाच्या शंभर भागांपैकी जवळजवळ साठ भाग घरी खाण्याच्या अन्नावर जातात. अमेरिकेत हाच वाटा सहा-सात भागांचा आहे. हॉटेलात खाण्याचा खर्च यात धरलेला नाही आणि अमेरिकन माणूस बाहेर बरेच खातो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. तरीही फरक प्रचंड आहे. नायजेरियातल्या घरात धान्य महागले की मुलाची फी किंवा आजीचे औषध थांबते. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत तशी वेळ येत नाही.

तीस कुटुंबांचा आठवडा

पीटर मेंझेल हे छायाचित्रकार आणि फेथ डॅलुइसिओ या लेखिका, अशा अमेरिकन दांपत्याने २००५ साली ‘हंग्री प्लॅनेट’ नावाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. २४ देशांतील ३० कुटुंबांना त्यांनी भेटी दिल्या आणि प्रत्येक कुटुंबाला त्याच्या आठवड्याच्या सर्व अन्नासमवेत बसवून छायाचित्र घेतले. सोबत खर्चाचा हिशेब दिला. भाव वीस वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्यातून मिळणारा बोध जुना झालेला नाही.

जर्मनीतील चार माणसांच्या कुटुंबाचा आठवड्याचा खर्च होता सुमारे ५०० डॉलर. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कुटुंबाचा सुमारे ३४२ डॉलर. मध्य प्रदेशातील उज्जैनच्या कुटुंबाचा सुमारे ४० डॉलर. भूतानमधील एका खेड्यातल्या तेरा माणसांच्या कुटुंबाचा अवघा पाच डॉलर. आणि चाड देशातील छावणीत राहणाऱ्या, सुदानमधून परागंदा झालेल्या एका आईचा व तिच्या पाच मुलांचा रोख खर्च होता सव्वा डॉलर.

हे आकडे नुसते वाचून चुकीचा अर्थ काढू नये. भूतानचे कुटुंब उपाशी नव्हते. भात, भाजी, मिरची त्यांच्या शेतातली होती, बाजारातून थोडेच जिन्नस आणावे लागत. खेड्यात घरचे धान्य आणि परड्यातली भाजी असेल तर वाण्याचे बिल लहान असते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. छावणीतल्या आईचे मात्र तसे नव्हते. तिला मदत संस्थांकडून ज्वारीसारखे धान्य, थोडी डाळ व तेल मिळे, त्यावर सहा जणांचा आठवडा निघे आणि वरच्या खरेदीला हातात जवळपास काही नव्हते. म्हणजे खर्च किती झाला एवढे पाहून भागत नाही. त्या पैशातून ताटात काय आले, हे पाहावे लागते.

आता मेक्सिकोतील कुटुंबाचे छायाचित्र पाहू. आई, वडील आणि तीन मुलगे. समोर फळांचा आणि भाज्यांचा सुंदर ढीग आहे, मक्याच्या भाकऱ्या आहेत. त्याच चित्रात कोलाच्या दोन-दोन लिटरच्या बारा बाटल्याही उभ्या आहेत. आठवड्याला चोवीस लिटर! पाच जणांत सारखे वाटले तर माणशी दिवसाला पाऊण लिटरला थोडे कमी. अशा पेयात दर शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमहून थोडी अधिक साखर असते. म्हणजे माणशी रोज सत्तर ग्रॅमच्या पुढे साखर, चहाचे चौदा-पंधरा चमचे, आणि तीही नुसत्या पेयातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी.

पैसा आला, आरोग्य आले का?

इथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. मिळकत वाढली की अन्नाचा वाटा कमी होतो, हे एंगेल यांनी सांगितले. पण ताटातला बदल कोणत्या दिशेने होतो, हे त्या नियमात नाही. ती दिशा प्रत्येक देशाने आणि प्रत्येक घराने स्वतः ठरवलेली असते.

अमेरिकेत अन्नाचा वाटा जगात जवळजवळ सर्वांत कमी आहे. तरीही तिथल्या प्रौढांपैकी शंभरात चाळीस जण लठ्ठ या वर्गात मोडतात आणि लोकांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून अधिक उष्मांक कारखान्यात तयार झालेल्या, अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येतात. जपानी कुटुंब खर्चाच्या शंभर भागांपैकी पंधराच्या आसपास भाग घरच्या अन्नावर घालते, म्हणजे अमेरिकेच्या दुपटीहून अधिक. तिथे लठ्ठपणाचे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास आहे. भात, मासे, सोयाबीनचे पदार्थ, भाज्या, समुद्री शेवाळ आणि लहान वाट्या, अशी तिथली जेवणाची रीत.

जपानी आहार सर्वच बाबतींत आदर्श होता असे नाही. त्यात मीठ फार. खारवलेले मासे, लोणची, सोयाबीनचे खारट सूप यांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास तिथे मेंदूतील रक्तस्रावाने व अर्धांगवायूने फार माणसे दगावत. मग रक्तदाब तपासणीच्या आणि मीठ कमी करण्याच्या मोहिमा गावोगाव निघाल्या आणि हे मृत्यू झपाट्याने घटले. मीठ अजूनही तिथे हवे त्याहून जास्त खाल्ले जाते, पण चांगल्या आहाराच्या देशातही एक खोड किती महाग पडते, हे त्यावरून कळते. जपानने १९५४ साली शाळेतील जेवणाचा आणि २००५ साली आहारशिक्षणाचा कायदा केला. शाळेत मुले स्वतः वाढतात, एकत्र जेवतात आणि काय खावे ते जेवतानाच शिकतात.

फिनलंडचे उदाहरण तर प्रत्येक गावाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्या देशाच्या पूर्वेकडील नॉर्थ कारेलिया हा लाकूडतोडे आणि दूधउत्पादकांचा प्रांत. लोणी, साईचे दूध, चरबीयुक्त मांस आणि भरपूर मीठ हा रोजचा आहार, भाजीपाला नावापुरता. चाळीस-पन्नाशीतले धट्टेकट्टे पुरुष हृदयविकाराने पटापट जात. १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तिथे एक प्रकल्प सुरू झाला. त्यांनी महिला मंडळांना हाताशी धरले, सभांतून नव्या रीतीचा स्वयंपाक करून दाखवला, बेकरीवाले आणि मांसाचे पदार्थ करणारे यांना मीठ व चरबी कमी करायला लावले, शेतकऱ्यांना रानफळांची लागवड करायला उत्तेजन दिले. तंबाखूविरुद्धही मोहीम उघडली. पुढच्या चार दशकांत त्या प्रांतातील कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. त्यात नव्या औषधांचाही वाटा आहेच, पण मोठे श्रेय बदललेल्या ताटाला आणि सुटलेल्या विडीकाडीला जाते.

मेक्सिकोही अखेर जागा झाला. २०१४ साली साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला गेला आणि पहिल्याच वर्षी या पेयांची खरेदी सुमारे सहा टक्क्यांनी उतरली. २०२० पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे तिथे सक्तीचे झाले आहे.

आपला रुपया कुठे जातो?

आता आपल्या देशाकडे वळू. सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीनुसार १९९९-२००० साली भारतातील ग्रामीण कुटुंबाच्या दर १०० रुपये खर्चापैकी ५९ रुपये अन्नावर जात. २०२३-२४ साली हा आकडा ४७ झाला. शहरात तो ४८ वरून सुमारे ४० वर आला. म्हणजे एंगेल यांचा नियम आपल्याकडेही खरा ठरला.

पण आतली फोड पाहिली की काळजी वाटते. ग्रामीण भागात धान्यावर पूर्वी १०० पैकी २२ रुपये जात, आता पाचच्या आसपास जातात. रेशनवर मिळणाऱ्या स्वस्त व फुकट धान्याचाही यात वाटा आहे. धान्यावरचे हे सतरा रुपये वाचले, ही आनंदाची गोष्ट. त्यातला काही भाग दूध, फळे, अंडी यांकडे गेला, तेही चांगले झाले. परंतु आज खाण्याच्या खर्चातील सर्वांत मोठा एकटा भाग कोणता? पेये, बाहेरचे तयार जेवण, फरसाण, बिस्किटे आणि पाकिटातले पदार्थ. पूर्वी ग्रामीण कुटुंबाचे यावर १०० पैकी चारच्या आसपास रुपये जात, २०२३-२४ मध्ये जवळजवळ दहा गेले. शहरात अकरा. दुधावरच्या खर्चालाही याने मागे टाकले आहे. आणि डाळी-कडधान्ये, जी शाकाहारी घराचा प्रथिनांचा मुख्य आधार, त्यांच्या वाट्याला दोनच्या आसपास रुपये येतात.

याचे परिणाम आम्हा डॉक्टरांच्या टेबलावर दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील शंभरांतील ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. दुसरीकडे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक उंबरठ्यावर आहेत. एकाच घरात सासऱ्याला मधुमेह, सुनेला रक्तक्षय आणि नातवाचे वजन कमी, असे चित्र आता नवे राहिलेले नाही. खाणे कमी पडते आणि नको ते जास्त होते, ही दोन्ही दुखणी एकाच किराण्यातून येतात.

एक साधा हिशेब करू. घरात दोन मुले आहेत आणि प्रत्येकाला रोज दहा रुपयांचे एक पाकीट लागते. महिन्याचे झाले सहाशे रुपये. ‘दहाच रुपये तर आहेत’ असे म्हणत आपण ते सहज देतो. त्याच सहाशे रुपयांत आजच्या भावाने चार किलोच्या आसपास तूरडाळ येते, किंवा दोन्ही मुलांना रोज एकेक अंडे देऊन वर काही पैसे उरतात, किंवा शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ यांचा डबा महिनाभर भरलेला राहतो. पाकिटात मैदा, पामतेल, मीठ किंवा साखर असते. भूक मरते, पोषण होत नाही, आणि मूल संध्याकाळी भाकरीला नको म्हणते. मग आई म्हणते, ‘डॉक्टर, हा काही खातच नाही, टॉनिक द्या.’ अशा मुलाला टॉनिकपेक्षा ते पाकीट बंद करण्याची गरज असते.

पाच माणसांच्या घराची यादी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी नवी आहारसूत्रे दिली. बेताचे काम करणाऱ्या, दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी तिने दिलेल्या प्रमाणांवरून पाच माणसांच्या घराचा हिशेब मी मांडत आहे. तो कापून स्वयंपाकघरात लावावा.

धान्य : माणशी रोज २५० ग्रॅम, घराला महिन्याला ३७ ते ३८ किलो. यात ज्वारी, बाजरी, नाचणी असावी. शेतात राबणाऱ्याला याहून जास्त लागते.

डाळी व कडधान्ये : माणशी रोज ८५ ग्रॅम, घराला महिन्याला पावणेतेरा किलो. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी ते यातच धरावे. बहुतेक घरांत चार-पाच किलोच डाळ येते. खरा तुटवडा इथे आहे.

भाज्या : माणशी रोज ४०० ग्रॅम, त्यात १०० ग्रॅम पालेभाजी. म्हणजे आठवडी बाजारातून १४ किलो. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत, शेवग्याचा पाला, जे स्वस्त असेल ते घ्यावे.

फळे : माणशी रोज १०० ग्रॅम. पेरू, केळी, बोरे, पपई चालतात. त्यासाठी सफरचंदच हवे असे नाही.

दूध किंवा दही : माणशी ३०० मिलिलिटर. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे मिळून ३५ ग्रॅम.

तेल व तूप : माणशी रोज २७ ग्रॅम, घराला महिन्याला चार किलोच्या आसपास. याहून डबा लवकर संपत असेल तर तळण मोजा.

मीठ : जागतिक आरोग्य संघटनेनुसार माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे घराला महिन्याला पाऊण किलो. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ यातच मोजायचे. एक किलोची पिशवी महिन्यापूर्वी संपत असेल तर घरातील मोठ्या माणसांचा रक्तदाब तपासून घ्यावा.

साखर व गूळ : माणशी रोज २५ ग्रॅम ही वरची मर्यादा, घराला पावणेचार किलो. बिस्किटे, मिठाई, शीतपेये यांतली साखर यातच येते, म्हणून डब्यातली साखर दोन-अडीच किलोत भागवावी. गूळ म्हणजे औषध नव्हे, मधुमेह्याला तो साखरेसारखाच.

ही यादी पाहून, ‘डॉक्टर, एवढे परवडणार कसे?’ असे कुणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. २०२२ साली जगातील सुमारे २८० कोटी लोकांना पोषक आहार परवडत नव्हता, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने म्हटले आहे. उपदेशाने कुणाचा खिसा भरत नाही. अंगणवाडीतला आहार, शाळेतले जेवण आणि रेशन ही म्हणूनच हक्काची मदत आहे, ती घेण्यात संकोच नसावा. पण ज्या घरात पाकिटांना, फरसाणाला, शीतपेयांना आणि तंबाखूला पैसे निघतात, त्या घराने तरी आधी तो खर्च कागदावर मांडावा. बहुधा डाळीचे पैसे तिथेच सापडतात.

काही बदल बिनपैशाचे आहेत. मटकी, मूग भिजवून मोड आणावेत. पालेभाजीवर लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तो लोह शोषू देत नाही, तासाभराने घ्यावा. पाकीट घेतलेच तर मागची घटकांची यादी वाचावी. जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त, तो कायद्याने पहिला लिहिलेला असतो. पहिल्या तिनांत मैदा, साखर आणि पामतेल असेल तर ते मुलाच्या हाती न दिलेले बरे. ताटे वाढताना सुनेचे आणि लेकीचे ताट शेवटी उरलेल्यावर भागवू नये, घरातले रक्तक्षयाचे एक मोठे कारण तेच असते.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाण व मधुमेह्यांनी धान्य-फळांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. आहार सुधारला म्हणून चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटर यांच्या आत ठेवावा. शिंप्याची टेप घरात असतेच, आज मोजून पाहावे.

फिनलंडच्या त्या प्रांताने जे केले त्याला मोठी इस्पितळे लागली नाहीत. गावातल्या बायकांनी स्वयंपाक बदलला, दुकानदारांनी माल बदलला आणि पुरुषांनी ते मुकाट्याने खाल्ले. येत्या एक तारखेला यादी लिहिताना डाळीचा आकडा एका किलोने वाढवावा आणि पाकिटांचा निम्मा करावा. तीन महिन्यांनी सुनेचे रक्त व सासऱ्यांची साखर तपासून घ्यावी आणि फरक काय पडला ते आपल्याच घरच्या कागदावर पाहावे.